रात्री दीड वाजता कुठं न्यायचं? आरोग्य केंद्र, तासगाव की थेट मिरज?

बागायतदाराचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. आबा आणि आई गावी. दोन एकर द्राक्षबाग, आणि दोघांचंच सगळं. आबा ६६ वर्षांचे, शुगर बारा वर्षांपासून. आई ६१, बीपीची गोळी चालू. म्हणजे "आज बरं वाटतंय" असा दिवस नसेल तर चालू.

गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र ५ किलोमीटर, तासगाव १८, मिरज ४२. हे आकडे आता पाठ झालेत. गेल्या वर्षात दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूंनी चुकलो.

पहिली वेळ ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीतली. आबा पाहुण्यांकडे मटण जेवून आले आणि रात्री साडेबाराला छातीत जळजळ सुरू. शेजारचे काका म्हणाले, "इथं तिथं करत बसू नका, थेट मिरज." गाडी केली, एका खासगी हॉस्पिटलात गेले, आयसीयूत दोन रात्री. सगळं नॉर्मल. निदान काय, तर पित्त. बिल ४८ हजार. तेव्हापासून "जळजळीचे अठ्ठेचाळीस हजार" हा आमच्या घरातला वाक्प्रचार झालाय. कुणाला शिंक आली तरी निघतो.

दुसरी वेळ मार्चमधली, बेदाण्याचं शेड चालू असताना. आई पहाटे शेडवरनं घरी आली, सहाच्या सुमारास चहा गाळताना कप हातातनं निसटला. तोंड जरा वाकडं, बोलणं जड. आबा म्हणाले, "रात्रभर शेडवर जागी आहे, झोप नाही झाली. आणि मिरजेला नेलं की परत अठ्ठेचाळीस हजार." आठ वाजता गावातल्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी सलाईन लावलं आणि बीपी उतरवायची गोळी दिली. दुपारी चुलतभाऊ शेडवर आला, त्यानं आईला बघितलं आणि गाडीत घातलं. तासगाव, तिथनं मिरज. डोक्याचं सीटी स्कॅन झालं तेव्हा साडेतीन वाजलेले. मेंदूत गुठळी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सकाळीच आला असता तर एक इंजेक्शन देता आलं असतं."

आई आता चालते, उजवा पाय ओढत. भाकरी थापता येत नाही, म्हणून जास्त रडते.

माझा प्रश्न साधा आहे. मी पुण्यात बसून फोनवर काय सांगायचं? कधी आरोग्य केंद्र, कधी तासगाव, कधी सरळ मिरज? भिंतीवर चिकटवता येईल असं काही सांगा. "डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढंच लिहू नका. कुठल्या डॉक्टरांचा, हाच तर प्रश्न आहे.


मिरजेचा_पाहुणा

भाऊ, थेट मिरज. दुसरा विचारच नको. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून निम्मं कर्नाटक रेल्वेनं मिरजेत येतंय, ते काय उगीच? १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. गल्लोगल्ली स्पेशालिस्ट. मधल्या थांब्यांवर फक्त वेळ जातो. पैसा परत मिळवता येतो, माणूस नाही.


बोलेरो_भाड्याची

वरच्या पाहुण्यांना रामराम. मी गेली चौदा वर्षं गाडी भाड्यानं मारतो, रात्रीची निम्मी भाडी पेशंटचीच. "मिरज" म्हणणं सोपं आहे साहेब. मिरजेत कुठं, ते सांगा.

माणसं गाडीत बसतात, म्हणतात मिरजेला चला. कुठल्या दवाखान्यात, ते मिरज जवळ आली की आठवायला लागतात. एक मेव्हण्याला फोन लावतो, दुसरा साडूला. मागच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्याला घेऊन पहिल्या गेटवर गेलो, बेड नाही. दुसऱ्या गेटवर गेलो, डॉक्टर सकाळी येणार. तिसऱ्या ठिकाणी घेतलं. गावातनं मिरजेला यायला लागला एक तास आणि मिरजेत फिरायला पाऊण तास. म्हातारा वाचला, पण त्यात माझं किंवा त्यांचं कर्तब काही नव्हतं.

म्हणून मी आता गाडी चालू करायच्या आधीच एकाला फोन लावायला लावतो. तीनच गोष्टी विचारायच्या: आत्ता डॉक्टर जागेवर आहेत का, बेड आहे का, जे मशीन लागणार ते आत्ता चालू आहे का. "चोवीस तास सेवा" हे बोर्डवर असतं. मशीन चालवणारा माणूस घरी झोपलेला असतो.

आणि १०८ ला हसू नका. २०१४ पासून चालू आहे, पैसा लागत नाही, आत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. माझ्या बोलेरोत काय आहे? मागची शीट आणि पुढं विठोबाचा फोटो. पेशंटला दम लागलाय, बेशुद्ध आहे, तर माझी गाडी नको. फोन केला की गाडी कुठनं निघणार आणि किती मिनिटांत येणार ते विचारा. लांब असली तर आम्ही आमच्या गाडीतनं निघतो आणि रस्त्यात गाठ घालतो. मणेराजुरीच्या पुढं दोनदा असं पेशंट बदललंय. माझं भाडं निम्मं होतं, होऊ द्या.


सिस्टर_३३

मी आरोग्य खात्यात ३३ वर्षं काढली. आटपाडीकडच्या एका उपकेंद्रात सुरुवात, मग आरोग्य केंद्र, शेवटची अकरा वर्षं ग्रामीण रुग्णालय. २०१९ ला सुटले. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो, त्यामुळं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

पोरा, पहिल्यांदा एक सांगते. आबांना नेलं ते चुकलं नाही. बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाची जळजळ ही जळजळ धरायचीच नसते. शुगरवाल्याला कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता घाम, दम, मळमळ, आणि घरचे म्हणतात गॅस झाला. तो अठ्ठेचाळीस हजारांचा वाक्प्रचार आजच्या आज घरातनं काढून टाका. त्यानंच तुमच्या आईची सकाळ खाल्ली.

चूक कुठं झाली, ते बघू. आबांना त्या रात्री लागणार होता ईसीजी. त्याला दहा मिनिटं लागतात आणि ते १८ किलोमीटरवर होणार होतं, ४२ वर नाही. तासगावला ईसीजी काढायचा. पट्टीत बिघाड दिसला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा पुढची सोय, आणि १०८ मधनं वर. पट्टी नीट आली तरी लगेच "पित्त आहे, घरी जा" नाही. थोड्या वेळानं परत काढायची, रक्ताची तपासणी करायची, कारण पहिली पट्टी साफ येऊनही हार्ट अटॅक असू शकतो. एवढं करून सगळं नीट असतं तर आबा सकाळी घरी आले असते, चार आकडी खर्चात. किंवा फुकटात.

आईला काय लागणार होतं? सीटी स्कॅन. गुठळी आहे की रक्तस्राव, हे डोक्याचा फोटो काढल्याशिवाय देवालाही कळत नाही, आणि दोन्हींचा इलाज उलटा आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. सहाला कप पडला, म्हणजे साडेदहा ही शेवटची गाडी होती. ते मशीन आरोग्य केंद्रात नाही, गावातल्या डॉक्टरकडं तर नाहीच. तिथं थांबणं म्हणजे त्या साडेचार तासांतनं कापून देणं. अशा पेशंटला मधे कुठं उतरवायचंच नाही. आणि सीटी होईपर्यंत बीपी उतरवायची गोळी नको, ॲस्पिरिन नको, चहा-पाणीसुद्धा नको, गिळताना ठसका लागतो. फक्त एक करायचं: घरात शुगरचं मशीन असेल तर बोट टोचून बघायचं. शुगर खूप उतरली की माणूस हुबेहूब लकवा मारल्यासारखा दिसतो. आबांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

आता ऐका उलटं. २०१६ चा जून असेल. धनगरवाड्यावरची नऊ-दहा वर्षांची पोरगी पहाटे पाचला बापानं खांद्यावर टाकून आणली. पोटात दुखतंय, घसा दुखतोय. बाप म्हणाला कैऱ्या खाल्ल्यात. मी पोरीला म्हटलं, वर बघ गं. तिच्या पापण्या वर जाईनात. रात्री अंगणात खालीच झोपली होती. सूज नाही, दाताची खूण सापडली नाही. मण्यार अशीच चावते, झोपेत, आणि कळतही नाही. आमचे डॉक्टर तरुण होते, पण डोकं जागेवर. लगेच सर्पदंशाच्या लशीच्या दहा बाटल्या सुरू केल्या, १०८ बोलावली, आणि वाटेत श्वास मंदावला तर श्वास द्यायचा रबरी फुगा दाबायला मी स्वतः बरोबर बसले. दाबायची वेळ आली. मिरजेत व्हेंटिलेटरवर चार दिवस. पोरगी जगली, आता मोठी झालीय.

तिचा बाप जर ८०-८५ किलोमीटर "थेट मिरज" करत गेला असता तर ती भिवघाटाच्या अलीकडंच गेली असती. कारण तिला लागणारी गोष्ट आमच्या फ्रीजमध्ये होती.

आता कळलं का? दवाखाना मोठा की लहान, हा प्रश्नच नाही. या माणसाला पुढच्या तासाभरात काय लागणार, आणि ते सगळ्यात जवळ कुठं आहे, एवढंच विचारायचं.

सर्पदंश, विंचू, फवारणीचं विष: जवळचं आरोग्य केंद्र. तुम्ही बागायतदार, म्हणून फवारणीचं वेगळं सांगते. औषध मारता मारता माणसाला चक्कर, तोंडाला लाळ, घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, आणि औषधाची बाटली बरोबर आणा. बाटलीच आणा. "निळं लेबल होतं" म्हणून सांगणारे मी शंभर बघितलेत. ॲट्रोपिनची इंजेक्शनं आरोग्य केंद्रात असतात. ती सुरू करून मग वर पाठवतात.

कुत्रं चावलं तर आधी घरीच, नळाखाली, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. मिरची-चुना लावायचा नाही. लस आरोग्य केंद्रात मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर सीरम लागतं. ते तिथं नसेल तर ते जिथं आहे तिथं त्याच दिवशी पाठवायला सांगा.

ताप, जुलाब, खोकला, कापलं, भाजलं, याला मिरज नको. फक्त तापात माणूस सुस्त पडला, पोटात खूप दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतनं रक्त दिसलं, तर डेंग्यू डोक्यात ठेवून भरती होईल अशा ठिकाणी न्यायचं. आणि तापाला पॅरासिटामॉलच. दुकानातनं दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या आणायच्या नाहीत, डेंग्यूत त्या रक्तस्राव वाढवतात.

सलाईनवर बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ३३ वर्षं लोकांनी माझ्याशी सलाईनसाठी भांडणं केली. "सिस्टर, अशक्तपणा आहे, एक बाटली लावा की." अर्ध्या लिटरच्या पाच टक्क्यांच्या ग्लुकोज बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. चहाचे पाच चमचे. ज्याला तोंडानं पिता येतं त्यानं लिंबू-सरबत प्यावं. डॉक्टरही लावतात, कारण नाही लावली तर पेशंट शेजारच्या डॉक्टरकडं जातो. तुमच्या गावच्या डॉक्टरला मी फार दोष देत नाही. पण लकवा मारलेल्या बाईला सलाईन लावून दोन तास झोपवणं, हे मात्र मला सहन होत नाही.

अजून एक. वर जायचं सगळ्यांना माहीत असतं. खाली यायचं कुणी सांगत नाही. तुमची आई आता दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी मिरजेला जात असेल, बरोबर? गाडीभाडं दोन-अडीच हजार, तपासायला पाच मिनिटं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन आरोग्य केंद्रात जा. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तिथं मिळतात, फुकट. बीपी मोजायला आशाताई घरी येऊ शकते. मिरजेच्या डॉक्टरांना विचारून घ्या, किती महिन्यांनी दाखवायचं आणि काय झालं तर लगेच यायचं. व्यायाम तर तासगावातच चालू करा. पहिल्या काही महिन्यांतच हात-पाय सगळ्यात जास्त सुधारतात, ते प्रवासात घालवू नका.

बास, बोट दुखायला लागलं.


उमदीकर

सिस्टर, तुमचं सगळं पटलं. पण तुमची १८ आणि ४२ किलोमीटरची गणितं आमच्या जत पूर्व भागात चालत न्हाईत. आमाला मिरज शंभराच्या वर, विजापूर त्याच्या निम्म्यावर. आणि आरोग्य केंद्रात रात्री लाईट असतीय, डॉक्टर असतोच असं न्हाई. माझ्या चुलत्याला रात्री घिऊन गेलो तर शिपाई म्हणाला साहेब मीटिंगला गेलेत. रात्री अकराला कसली मीटिंग? अशा ठिकाणी "जवळचं" म्हणून जायचं आणि कुलूप बघून यायचं, यात काय शहाणपणा?


सिस्टर_३३

उमदीकर, रागावू नका, तुमचं खरं आहे. मी नोकरीत असताना माझ्याच केंद्रात असं झालेलं आहे, आणि मी शिपायासारखीच थाप मारलेली आहे. आता निवृत्त आहे, सांगायला हरकत नाही.

म्हणून दिवसा बघून ठेवायचं. रात्रीचं काम दिवसा करायचं. एखाद्या दिवशी ताप नसताना आरोग्य केंद्रात जा, मुक्कामी डॉक्टर कोण, सिस्टर कोण, विचारा. नंबर घ्या. सापाची लस आहे का, विचारा. फ्रीज उघडून दाखवा म्हटलं तरी चालतं, आम्ही चिडतो पण दाखवतो. गावातनं असं दोघंतिघं विचारायला लागले की डॉक्टर मुक्कामाला राहायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

विजापूरचं तुम्ही बरोबर करता. पेशंटला जिल्ह्याची हद्द कळत नाही. फक्त आपलं उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड तिथं चालतं का, ते आधी विचारून घ्या, दारात नको.

आणि बाळंतपणाचा विषय कुणी काढला नाही म्हणून सांगते, १०२ ची गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी आहे, जाण्या-येण्याची. पहिलं सिझर झालेलं असेल, बीपी चढलेलं असेल, जुळी असतील, तर उमदीत कळा सुरू व्हायची वाट बघू नका. आठ दिवस आधी रक्त आणि भूलतज्ज्ञ जिथं आहेत त्या गावात पाहुण्यांकडं जाऊन राहा. त्यासाठीच पाहुणे असतात.


कवठेमहांकाळची_सून

योजनेचं मी लिहिते, कारण सासऱ्यांच्या वेळी आम्ही फसलो. म्हणजे आम्हीच वेंधळे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी दीड लाख होतं. रेशन कार्ड आणि आधार लागतं. पण योजना सगळ्या हॉस्पिटलात नाही आणि सगळ्या आजारांना नाही. नुसतं तपासून गोळ्या घेतल्या तर त्यात बसत नाही, ठरावीक उपचारांसाठी भरती व्हावं लागतं. सासऱ्यांना आम्ही एका चकचकीत ठिकाणी नेलं, ४० हजार भरले, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की इथं योजनाच नाही. आतापर्यंतचे पैसे भरा आणि घेऊन जा म्हणाले.

म्हणून बोलेरोवाल्या दादांच्या तीन प्रश्नांत चौथा घाला: "फुले योजना आहे का, आणि या आजाराला आहे का?" १५५३८८ वर फोन करूनही विचारता येतं. ज्या दवाखान्यात योजना असते तिथं आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, पैसे भरायच्या खिडकीआधी त्याला गाठायचं. अगदी तातडीचं असेल तर आधी भरती करा, कागद मागनं देता येतात, रेशन कार्ड गावातनं आणण्यासाठी पेशंट खोळंबून ठेवू नका. आमच्या दिरानं तेच केलं होतं.

सरकारीत जायचं तर आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. मिरजेचं सरकारी आणि सांगलीचं सिव्हिल मेडिकल कॉलेजकडं आहेत, ते खातं वेगळं, त्यामुळं तिथं थोडीफार फी लागते. खासगीच्या मानानं काहीच नाही. गर्दी मात्र विचारू नका, आणि रात्री एक धडधाकट माणूस पळापळीला हवाच. रक्त घेऊन जा, रिपोर्ट घेऊन या, ट्रॉली ढकला. एकट्या म्हाताऱ्या बाईनं नवऱ्याला तिथं नेणं अवघड आहे, हे कुणी लिहीत नाही.


मिरजेचा_पाहुणा

सिस्टर, मी माझे शब्द मागे घेतो. थोडेसे. लकव्याला तरी मिरजच की नाही?


सिस्टर_३३

लकव्याला चालू सीटी. ते सांगलीत मिळालं तर सांगली.


बागायतदाराचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी गेलो होतो, थोडं काम केलं, ते लिहितो.

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणं ताप नसताना आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरना वाटलं मी तक्रारीला आलोय. नंतर चहा दिला. सापाची लस आहे, ॲट्रोपिन आहे, ईसीजीचं मशीन आहे पण कागदाचा रोल संपलाय. हे मला रात्री दीड वाजता कळलं असतं. तासगावात चौकशी केली, रात्री ईसीजी निघतो. मग मिरज-सांगलीत चार ठिकाणी रविवारी रात्री दहाला मुद्दाम फोन लावून विचारलं, सीटी आत्ता चालू आहे का. दोघांनी हो म्हटलं, एकानं "सकाळी या" म्हटलं, एकानं उचललाच नाही. हो म्हटलेल्यांपैकी एका ठिकाणी फुले योजनाही आहे. तो नंबर पहिला.

भिंतीवर कागद लावलाय, मोठ्या अक्षरात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं: घड्याळ बघून वेळ लिहा, शुगर बघा, काही खायला-प्यायला देऊ नका, चालू सीटी, मधे थांबायचं नाही. छाती, घाम, दम: तासगाव, ईसीजी, आणि आबांनी स्वतः गाडी चालवायची नाही. साप, विंचू, फवारणी: आरोग्य केंद्र, बाटली बरोबर. बाकी साधं दुखणं: सकाळी. खाली १०८, गावातल्या गाडीवाल्या शेजाऱ्याचा नंबर आणि चुलतभावाचा. रेशन कार्ड, आधार आणि आईचं डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घालून पिशवी दाराच्या खुंटीला. आबा म्हणाले, "बेदाण्याचा भावफलक लावल्यासारखं दिसतंय." पण वाचला त्यांनी. दोनदा.

अठ्ठेचाळीस हजारांचं मी बोललो त्यांच्याशी. गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मीच नको म्हटलं." पुढं कुणी काही बोललं नाही.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. तासगावात व्यायाम चालू केला, आठवड्यातनं तीनदा. तिथल्या ताईंनी रबरी चेंडू दाबायला दिलाय. आई चेंडू घेतच नाही हातात, म्हणते मी काय लहान आहे का. काय करू?


सिस्टर_३३

चेंडू फेकून द्या. उजव्या हातानं ज्वारीचं पीठ मळू द्या. तव्यापाशी मात्र अजून नको, चटका कळणार नाही. आधी पाव भाकरी थापू द्या, मग अर्धी. कडा फाटणार, मधे जाड राहणार. ती भाकरी आबांना वाढायची आणि आबांनी ती मुकाट्यानं खायची.